रेडिएशन आणि रेडिओअ‍ॅक्टिव्ह: फरक कसा ओळखावा आणि त्यानुसार कसे वागावे

छातीचा एक्स-रे काढून आलेली व्यक्ती, पेट (पीईटी) स्कॅन करून आलेली व्यक्ती आणि थायरॉइडच्या कर्करोगासाठी आयोडीनचा उपचार घेऊन आलेली व्यक्ती, या तिघांबद्दलही घरात एकच वाक्य बोलले जाते: ‘त्यांना रेडिएशन दिलंय.’ लहान मुलाला त्यांच्या मांडीवर बसू द्यावे का, या प्रश्नाचे उत्तर मात्र तिघांच्या बाबतीत वेगळे आहे. पहिली व्यक्ती घरात पाऊल टाकताच मुलाला उचलून घेऊ शकते, दुसरीने काही तास थांबणे योग्य असते आणि तिसरीला डॉक्टरांनी सांगितलेले काही दिवस अंतर राखावे लागते. हा फरक कोठून येतो हे एकदा नीट समजले, तर रुग्णालयातील सूचना, बाजारातील विकिरणित (किरणांची प्रक्रिया केलेला) आंबा आणि अणुअपघाताची बातमी या सर्वांकडे पाहण्याची एकच पद्धत हाती येते. ती पद्धत येथे क्रमाने मांडली आहे.

आधी संज्ञा निश्चित करू. एखाद्या ठिकाणाहून निघून अवकाशातून प्रवास करणारी ऊर्जा म्हणजे प्रारण, म्हणजेच रेडिएशन. ती प्रकाशासारख्या लहरींच्या रूपात असेल किंवा वेगवान कणांच्या रूपात असेल. किरणोत्सारी, म्हणजेच रेडिओअ‍ॅक्टिव्ह, हे विशेषण पदार्थाला लागते: ज्याच्या अणूंची केंद्रके अस्थिर आहेत आणि आपोआप बदलताना प्रारण बाहेर टाकतात, तो पदार्थ किरणोत्सारी. प्रारण निघते, कोठेतरी शोषले जाते आणि संपते. किरणोत्सारी पदार्थ मात्र मागे राहतो, त्याला वजन असते, तो सांडतो, चिकटतो, वाऱ्याबरोबर उडतो, पाण्यात विरघळतो आणि शरीरातही जातो. आपल्या वर्तमानपत्रांत ‘किरणोत्सर्ग’ हा एकच शब्द कधी पहिल्या अर्थाने तर कधी दुसऱ्या अर्थाने वापरला जातो, त्यामुळे वाचकाला प्रत्येक वेळी संदर्भावरून अर्थ लावावा लागतो. म्हणून शब्दावर न थांबता पुढील प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न असा: हे प्रारण यंत्रातून येते की पदार्थातून?

एक्स-रे यंत्रात किरणोत्सारी असे काहीही नसते. काचेच्या किंवा धातूच्या निर्वात नळीत विजेच्या उच्च दाबाने इलेक्ट्रॉनांना वेग दिला जातो, ते धातूच्या लक्ष्यावर आदळतात आणि त्या आघातातून क्ष-किरण निर्माण होतात. वीज बंद झाली की क्ष-किरणही बंद होतात. खोलीच्या हवेत, भिंतींत, गादीवर किंवा रुग्णाच्या कपड्यांवर ते साचून राहत नाहीत. सीटी स्कॅन, दंतवैद्याकडील छोटे यंत्र आणि विमानतळावरील सामान तपासणारे यंत्र यांनाही हेच लागू आहे. त्यामुळे शिशाचा अ‍ॅप्रन उपयोगी पडतो तो यंत्र चालू असताना, आणि गरोदर स्त्रीने आपल्या स्थितीची कल्पना द्यायची असते ती तपासणीच्या आधी. तपासणी झाल्यावर घरी येऊन अंघोळ करणे किंवा कपडे वेगळे धुणे याला काहीही अर्थ नाही.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. यंत्र बंद होताच प्रारण संपते याचा अर्थ त्याचा परिणामही त्याच क्षणी पुसला जातो असा नाही. पेशीतील डीएनएला झालेली इजा शरीर बहुतांशी दुरुस्त करते, परंतु मोठ्या मात्रेनंतर ती इजा उरू शकते आणि तिचे परिणाम वर्षांनंतरही दिसू शकतात. म्हणून पोटाच्या सीटी स्कॅनसारखी तपासणी विनाकारण पुन्हा पुन्हा करू नये असा डॉक्टरांचा आग्रह असतो. मात्र हा धोका ज्याची तपासणी झाली त्याच्यापुरता राहतो आणि त्याच्याजवळ बसणाऱ्याकडे जात नाही.

कर्करोगाच्या बाह्य रेडिओथेरपीबाबत तर ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगण्याची गरज आहे. ‘शेक’ घेऊन आलेल्या रुग्णाचे ताट वेगळे करणे, नातवंडांना त्याच्या खोलीत जाऊ न देणे, त्याचे अंथरूण दूर टाकणे असे प्रकार चांगल्या, शिकलेल्या घरांतही घडतात. ज्या काळात माणसाला जवळच्यांचा स्पर्श सर्वांत जास्त हवा असतो, त्याच काळात एका चुकीच्या समजुतीमुळे तो त्याला नाकारला जातो. उपचार लिनिअर अ‍ॅक्सिलरेटरवर झालेला असो किंवा कोबाल्टच्या यंत्रावर, बाहेरून किरण घेतलेला रुग्ण किरणोत्सारी होत नाही. त्याच्याबरोबर जेवावे, त्याच्याशेजारी झोपावे, मुलांना त्याच्या मांडीवर बसू द्यावे.

यंत्राविषयीचा प्रश्न रुग्णासाठी नव्हे तर रुग्णालयासाठी महत्त्वाचा ठरतो. लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर हे विजेवर चालणारे यंत्र आहे आणि ते बंद केल्यावर प्रारण थांबते. कोबाल्ट यंत्रात, उदाहरणार्थ भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या ‘भाभाट्रॉन’मध्ये, कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ असतो. तो रात्रंदिवस प्रारण टाकतच असतो. यंत्र ‘बंद’ करणे म्हणजे त्याला जाड धातूच्या कवचाआड सरकवणे एवढेच. कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल सुमारे ५.२७ वर्षे आहे, म्हणजे तेवढ्या काळात त्याची तीव्रता निम्मी होते, तेवढीच मात्रा देण्यासाठी रुग्णाला दुप्पट वेळ टेबलावर ठेवावे लागते, आणि ठराविक काळाने स्रोत बदलावा लागतो. जुना स्रोत भंगार नसतो. या एका वाक्याकडे दुर्लक्ष झाल्याने काय होते ते पुढे येईलच.

दुसरा प्रश्न: पदार्थ असेल तर तो बंदिस्त आहे की मोकळा?

नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले ‘कृषक’ हे विकिरण केंद्र आहे. तेथे कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून त्यावर कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण सोडतात, आणि २००७ साली अमेरिकेत भारतीय आंब्याची निर्यात पुन्हा सुरू झाली तेव्हा ते आंबे याच केंद्रातून प्रक्रिया होऊन गेले होते. आंब्यातील किडीची वाढ रोखण्यासाठी किमान ४०० ग्रे (ग्रे हे शोषलेल्या प्रारणाचे एकक) एवढी मात्रा द्यावी लागते. ही मात्रा लहान नाही, माणसाच्या दृष्टीने तर प्राणघातक मात्रेच्या कितीतरी पट आहे. तरीही तो आंबा किरणोत्सारी होत नाही, आणि याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कोबाल्ट धातूच्या आवरणात पक्का बंद असतो, फळाला त्याचा स्पर्शही होत नाही. पोचतात ते फक्त गॅमा किरण. या किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. अणूच्या बाहेरील इलेक्ट्रॉन उडवून लावायला, म्हणजेच आयनीभवन घडवायला, ती भरपूर पुरते. त्यामुळे किडीच्या पेशींतील किंवा कांद्याच्या कोंबातील डीएनए तुटतो. परंतु फळातील कार्बन, ऑक्सिजन, नायट्रोजन यांच्या केंद्रकांत बदल घडवायला ती ऊर्जा अपुरी पडते. केंद्रक बदलल्याशिवाय पदार्थ किरणोत्सारी होत नाही.

मग प्रारणामुळे पदार्थ कधीच किरणोत्सारी होत नाही असे म्हणता येईल का? तसे म्हणता येत नाही. न्यूट्रॉन हा अपवाद आहे. न्यूट्रॉनला विद्युतभार नसल्याने तो केंद्रकात सहज शिरतो आणि त्याला अस्थिर करू शकतो. कोबाल्ट-६० तयार होतो तोच मुळी असा: साध्या कोबाल्ट-५९ वर अणुभट्टीत न्यूट्रॉनांचा मारा करून. अणुभट्टीच्या आतील पोलादही याच कारणाने कालांतराने किरणोत्सारी बनते. कृत्रिम रीतीने किरणोत्सारिता निर्माण करता येते हे इरेन आणि फ्रेडरिक जोलिओ-क्युरी यांनी १९३४ साली अल्फा कणांच्या साहाय्याने दाखवून दिले होते. दैनंदिन व्यवहारात मात्र सामान्य माणसाचा न्यूट्रॉनांच्या तीव्र झोताशी संबंध येत नाही, म्हणून एक्स-रे आणि गॅमा किरण यांच्याबाबतीत ‘वस्तू किरणोत्सारी होत नाही’ हा नियम निर्धास्तपणे वापरावा.

बंदिस्त स्रोत मोकळा झाला की परिस्थिती किती पालटते, हे दोन घटना शेजारी ठेवून पाहिले पाहिजे.

ब्राझीलमधील गोयानिया शहरात एक खासगी रेडिओथेरपी केंद्र दुसरीकडे हलले आणि सीझियम-१३७ हा किरणोत्सारी पदार्थ असलेले जुने यंत्र ओसाड इमारतीत मागे राहिले. सप्टेंबर १९८७ मध्ये दोघांनी त्यातील जड भाग काढून नेला आणि भंगारवाल्याला विकला. आतील कुपी फोडली गेली. त्यात सीझियम क्लोराइड होते, मिठासारखे पाण्यात सहज विरघळणारे लवण, आणि अंधारात त्यातून निळसर प्रकाश दिसत होता. कुतूहलाने लोक ते पाहायला आले, काहींनी चिमूटभर घरी नेले, काहींनी ते अंगाला चोळले. सहा वर्षांच्या एका मुलीने ती भुकटी लागलेल्या हातांनीच जेवण केले. चार जणांचा मृत्यू झाला, त्यात ती मुलगी होती. १ लाख १२ हजारांहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली आणि त्यांपैकी २४९ जणांच्या अंगावर वा शरीरात सीझियम सापडले. घरे पाडावी लागली, माती खरवडून न्यावी लागली. गोयानियात जे एका घरातून दुसऱ्या घरात गेले ते रेडिएशन नव्हते, तो किरणोत्सारी पदार्थ होता. तो जेथे जेथे पोचला तेथे तेथे प्रारणाचा नवा उगम तयार झाला.

दुसरी घटना आपल्याच देशातील आहे. २०१० साली दिल्लीतील एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतील, अनेक वर्षे वापरात नसलेले गॅमा विकिरण यंत्र लिलावात विकले गेले आणि मायापुरीच्या भंगार बाजारात पोचले. ते उघडल्यावर त्यातील कोबाल्ट-६० चे तुकडे बाहेर आले. एका कामगाराचा मृत्यू झाला आणि इतर काहींना गंभीर इजा झाल्या. एकाने तर तुकडा पाकिटात बाळगला होता. परंतु हा कोबाल्ट धातूच्या रूपात होता. तो पाण्यात विरघळला नाही, भुकटीसारखा उडाला नाही, म्हणून तज्ज्ञांना मोजणी-यंत्रांच्या साहाय्याने तुकडे शोधून, उचलून, शिशाच्या पेटीत घालून नेता आले. मायापुरीत इजा झाली ती मुख्यतः जवळून मिळालेल्या प्रारणाने. गोयानियात प्रारण होतेच, शिवाय पदार्थ अंगाला लागलेला आणि पोटात गेलेला होता. मायापुरीतल्या प्रकाराला प्रारणाला सामोरे जाणे म्हणतात, गोयानियातल्या प्रकाराला किरणोत्सारी दूषण. डॉक्टर प्रथम हेच ठरवतात, कारण दूषण नसलेल्या रुग्णाला हात लावण्यात कोणालाही धोका नसतो, तर दूषित रुग्णाचे कपडे काढून त्याला आधी धुवावे लागते.

आता सुरुवातीच्या तिघांपैकी उरलेल्या दोघांकडे वळू. न्यूक्लिअर मेडिसिन विभागात किरणोत्सारी पदार्थ मुद्दाम शरीरात सोडला जातो, म्हणून येथे रुग्ण स्वतः काही काळ प्रारणाचा उगम असतो. पेट स्कॅनमध्ये बहुधा फ्ल्युओरीन-१८ वापरतात. त्याचा अर्धायुकाल सुमारे ११० मिनिटे असतो, म्हणजे अकरा तासांत सहा अर्धायुकाल उलटतात आणि मूळच्या चौसष्टाव्या भागाइतकेच शिल्लक उरते. लघवीवाटे जाते ते निराळे. हाडांच्या किंवा हृदयाच्या स्कॅनसाठी वापरल्या जाणाऱ्या टेक्नेशियम-९९एम चा अर्धायुकाल सहा तासांचा आहे. म्हणून अशा तपासणीनंतर भरपूर पाणी पिणे, वारंवार लघवीला जाणे आणि त्या दिवसापुरते तान्ह्या मुलांपासून व गरोदर स्त्रियांपासून अंतर ठेवणे एवढे सहसा पुरते. स्तनपान करणाऱ्या मातेने तपासणीपूर्वीच तसे सांगावे, कारण काही औषधे दुधात उतरतात.

आयोडीन-१३१ चे प्रकरण अधिक काळजीचे आहे. थायरॉइड ग्रंथी आयोडीन ओढून घेते, या गुणाचाच उपचारासाठी उपयोग केला जातो. मुंबईत परळ येथील विकिरण औषधी केंद्रात असे उपचार अनेक दशके होत आले आहेत. या आयोडीनचा अर्धायुकाल आठ दिवसांचा आहे आणि ते लघवी, लाळ व घाम यांतून बाहेर पडते. म्हणजे येथे अंतर राखण्याचे कारण प्रारण आहे, तर स्वच्छतागृहात दोनदा पाणी सोडणे, टॉवेल आणि भांडी वेगळी ठेवणे, कपडे स्वतंत्र धुणे याचे कारण पदार्थ आहे. मोठी मात्रा दिली असेल तर रुग्णाला स्वतंत्र खोलीत ठेवतात आणि शरीराबाहेर येणारे प्रारण ठरलेल्या मर्यादेखाली आल्यावरच घरी सोडतात. जी ताटे-वाट्या वेगळी करण्याची पद्धत बाह्य रेडिओथेरपीच्या रुग्णावर अन्याय करते, तीच येथे योग्य ठरते. रुग्णाला घरी नेताना डॉक्टरांना एकच प्रश्न विचारावा: ‘यांच्या शरीरात किरणोत्सारी औषध आहे का, आणि असेल तर किती दिवस काळजी घ्यायची?’ उत्तर लिहून घ्यावे.

बातम्या वाचताना एककाकडे पाहण्याची सवय लावून घ्यावी, कारण एकक शब्दापेक्षा प्रामाणिक असते. बेक्वेरेल हे पदार्थाच्या किरणोत्सारितेचे एकक आहे: दर सेकंदाला एक केंद्रक बदलले म्हणजे एक बेक्वेरेल. सीव्हर्ट आणि मिलिसीव्हर्ट ही माणसाला मिळालेल्या प्रारणाच्या मात्रेची एकके आहेत. ‘पाण्यात इतके बेक्वेरेल आढळले’ असे लिहिले असेल तर बातमी पदार्थाविषयी आहे आणि तो पोटात जाण्याचा प्रश्न आहे. ‘ताशी इतके मायक्रोसीव्हर्ट’ असे असेल तर तेथे उभ्या असलेल्या माणसाला मिळणाऱ्या मात्रेविषयी आहे. फुकुशिमाच्या २०११ मधील अपघातानंतर ‘रेडिएशन समुद्रात पसरले’ अशा ओळी सर्रास छापल्या गेल्या. पसरले होते ते सीझियम आणि आयोडीन; पाण्यातून प्रारण फार दूर जाऊच शकत नाही. जपानने २०१२ पासून सर्वसाधारण अन्नातील सीझियमसाठी प्रतिकिलो १०० बेक्वेरेलची मर्यादा घातली, कारण प्रश्न पदार्थाचा होता.

बेक्वेरेलचा आकडा मोठा दिसतो म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात नैसर्गिक पोटॅशियम-४० मुळे सुमारे चार हजार बेक्वेरेल किरणोत्सारिता असतेच, म्हणजे काटेकोर अर्थाने आपण सारेच थोडे किरणोत्सारी आहोत. मात्रेच्या बाजूने पाहिले तर निसर्गातून माणसाला जगभरात सरासरी वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात, छातीच्या एका एक्स-रेने साधारण ०.०२ ते ०.१, आणि पोटाच्या सीटी स्कॅनने सुमारे ८ ते १० मिलिसीव्हर्ट.

मोबाइल मनोरे, मायक्रोवेव्ह ओव्हन आणि वायफाय यांबद्दल थोडक्यात सांगता येईल. त्यांतून येते ते प्रारणच, पण त्याची ऊर्जा अणूतील इलेक्ट्रॉन उडवण्याइतकीही नसते. त्यांत किरणोत्सारी पदार्थ नसतो, आणि मायक्रोवेव्हमध्ये तापवलेले अन्न फक्त गरम होते.

शेवटी, खबरदारीचे दोन संच वेगळे ठेवावेत. समोर प्रारणाचा स्रोत असेल तर तेथे कमीत कमी वेळ थांबणे, लांब जाणे आणि मध्ये जाड आडोसा घेणे हे तीन उपाय आहेत. लहान आकाराच्या स्रोतापासूनचे अंतर दुप्पट केले की मात्रा चौथ्या हिश्श्यावर येते, म्हणून पळण्यातले पहिले काही मीटर सर्वांत मोलाचे असतात. हवेत किंवा अंगावर किरणोत्सारी पदार्थ असेल तर नाकातोंडावर कापड धरणे, घरात जाऊन दारे-खिडक्या लावणे, बाहेरचे कपडे न झटकता काढून पिशवीत बंद करणे, साबणाने अंग धुणे आणि हात धुतल्याखेरीज काहीही न खाणे हे उपाय करावेत. साधा मास्क गॅमा किरण अडवत नाही, पण किरणोत्सारी धूळ छातीत जाण्यापासून बऱ्याच अंशी वाचवतो. पेट स्कॅन झालेल्या रुग्णाशेजारी बसण्यासाठी एक्स-रे विभागातील शिशाचा अ‍ॅप्रन मागणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की फ्ल्युओरीन-१८ पासून येणाऱ्या अधिक ऊर्जेच्या किरणांना तो पातळ अ‍ॅप्रन फारसा अडवत नाही. तेथे अंतर हाच उपाय.

पिवळ्या पार्श्वभूमीवरचे तीन पात्यांचे चिन्ह एक्स-रे खोलीच्या दारावरही असते आणि कोबाल्टच्या पेटीवरही, त्यामुळे त्यावरून यंत्र की पदार्थ हे कळत नाही. २००७ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर आणखी एक चिन्ह स्वीकारले गेले: लाल त्रिकोण, त्यात वरून येणाऱ्या लहरी, कवटी आणि पळणारा माणूस. ते धोकादायक स्रोताजवळ, यंत्राच्या आतील बाजूस लावतात, म्हणजे कोणी ते यंत्र उघडू लागला तर त्याला ते दिसावे. भंगाराचा व्यवसाय करणाऱ्यांनी, कारखान्यांची जुनी सामग्री लिलावात घेणाऱ्यांनी आणि बंद पडलेल्या दवाखान्यांची जागा विकत घेणाऱ्यांनी ही दोन्ही चिन्हे ओळखायला शिकले पाहिजे. आकाराच्या मानाने विलक्षण जड असलेली, शिशाची किंवा जाड पोलादाची, कुलूपबंद पेटी सापडली तर ती कापू नये, फोडू नये, उचलून दुसरीकडे नेऊ नये. सर्वांना दूर करावे, ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे आणि ही वस्तू किरणोत्सारी असू शकते हे स्पष्ट शब्दांत सांगावे, म्हणजे ते अणुऊर्जा नियामक परिषदेच्या तज्ज्ञांशी संपर्क साधू शकतील. पेटी आधीच उघडली गेली असेल, तर ज्यांनी तिला हात लावला त्यांनी बसने किंवा रिक्षाने घरी जाऊ नये. पेटीपासून लांब, पण एकाच ठिकाणी, तपासणी होईपर्यंत थांबावे.